लस टोचूनही पीपीआर परत येतो? आधी विचारा, मधल्या काळात विषाणू होता कुठे

तक्रार नेहमी एकाच चालीवर येते. मागच्या वर्षी शेळ्यांच्या सगळ्या कळपाला पीपीआरची (हा शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग) लस टोचली, यंदा पुन्हा करडं तापाने फणफणली, नाकं गच्च झाली, हगवण लागली आणि आठवड्याच्या आत पाच-सात गेली. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: लस बोगस होती. कधी ती खरोखरच वाया गेलेली असते, त्याबद्दल खाली लिहिलंय. पण शेळ्या-मेंढ्यांची दुखणी बघण्यात बरीच वर्षं गेल्यावर माझी पहिली शंका आता लशीवर जात नाही. मी आधी विचारतो, की मागच्या साथीपासून या साथीपर्यंत, मधले आठ-दहा महिने, हा विषाणू राहिला कुठे?

या प्रश्नाचं उत्तर रोगागणिक बदलतं. पीपीआरचा विषाणू रिकाम्या गोठ्यात दबा धरून बसत नाही. देवीचा बसतो. मावा, म्हणजे ओठांवर फोड-खपल्या आणणारा रोग, त्या खपल्यांमध्ये राहतो. शेळ्यांचा सीएई आणि मेंढ्यांचा मेडी-व्हिस्ना हे संथ विषाणूजन्य रोग जनावराच्या अंगात जन्मभर मुक्काम करतात. नीलजिव्हेचा विषाणू चिलटांबरोबर येतो. उत्तर चुकलं की उपाय भलतीकडेच जातो. जो रोग चार पायांनी चालत आत आला त्यासाठी आपण भिंतींना चुना फासत बसतो, आणि जो भिंतीतच आहे त्यासाठी बाजाराला शिव्या घालतो.

आधी खात्री करा, हा तोच रोग आहे का

"पुन्हा पीपीआर आला" असं सांगणाऱ्या निम्म्या लोकांनी मागच्या वेळीही तपासणी केलेली नसते. म्हणजे पहिला कोणता होता ते माहीत नाही, दुसरा कोणता ते माहीत नाही, पण तो "परत" आलाय एवढं मात्र नक्की!

पीपीआरचं चित्र असं. शेळीचं नेहमीचं तापमान 38.5 ते 39.5 अंश सेल्सिअस असतं, ते एकाएकी 40-41 च्या पुढे जातं. जनावर कळपापासून बाजूला उभं राहतं, केस उभे, नाकाड कोरडं. डोळ्या-नाकातून पाणी, दोन-तीन दिवसांत तेच घट्ट आणि पिवळं होतं, नाकपुड्यांवर खपली धरते, पापण्या चिकटतात. आता तोंड उघडा, पण हातमोजा घालून. वरचा ओठ उचलला की हिरड्यांवर कोंडा भुरभुरल्यासारखा पांढरट थर दिसतो. तो बोटाने सहज निघतो आणि खाली लाल, ओली जखम असते. वास इतका घाण, की एकदा घेतला की पुढच्या वेळी गोठ्याच्या दारातच ओळखू येतो. ताप आल्यानंतर तीन-चार दिवसांनी हगवण लागते, खोकला आणि धाप सुरू होते, गाभण शेळ्या गाभडतात.

तोंड, नाक, फुप्फुस आणि आतडं, चारही एकाच वेळी बिघडलेली दिसली तर पीपीआरची शंका पक्की धरा. यातलं एखादंच असेल तर थांबा. नुसती धाप आणि खोकला असेल, तोंड स्वच्छ आणि लेंड्या घट्ट असतील, तर सांसर्गिक फुप्फुसदाह किंवा पाश्चुरेलाचा न्यूमोनिया असू शकतो, आणि ते जिवाणूंचे रोग आहेत. फक्त करडांना हगवण आणि तोंडात काही नाही, तर लेंड्या तपासा, कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी निघतील. लंगडणं आणि खुरांच्या बेचक्यात फोड म्हणजे लाळ्या-खुरकूत. त्यात कोवळी करडं हृदय निकामी होऊन उभ्या उभ्या मरतात, तोंडात काही दिसायच्या आतच. ओठांच्या कोपऱ्यांवर उंच, खडबडीत, काळपट खपल्या आणि बाकी जनावर बऱ्यापैकी खातंय, तो मावा. मेंढीचं तोंड सुजलंय, जीभ जाड झालीय, खुराच्या वर लाल पट्टा आहे आणि चिलटांचा मोसम आहे, तर नीलजिव्हा. शेपटीखाली, जांघेत, कानांवर, जिथे केस कमी तिथे हाताला लागणाऱ्या गाठी, ती देवी.

हातमोजा उगाच सांगितला नाही. मावा माणसाला होतो. बोटावरचा तो फोड बरा व्हायला महिनाभर तरी घेतो.

नमुना कधी आणि कुणाचा घ्यायचा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. लोक नमुना मरायला टेकलेल्या शेळीचा पाठवतात, कारण तीच सगळ्यात आजारी दिसते. विषाणू शोधायचा तर उलटं करावं लागतं. कालच ताप चढलेली, डोळ्यांतून अजून पातळ पाणी येतंय, हगवण लागलेली नाही, अशी चार-पाच जनावरं निवडा. पापणीच्या आतून, नाकातून आणि हिरडीवरून स्वॅब. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत रक्त पीसीआरसाठी, साध्या नळीत रक्त सीरमसाठी. जनावर मेलंच असेल तर ताज्या शवातून आतड्याच्या आणि फुप्फुसाच्या लसिकाग्रंथी, प्लीहा आणि फुप्फुसाचा तुकडा. सगळं बर्फावर. हा विषाणू नाजूक आहे, उन्हात फुगलेल्या शवात त्याचं फारसं काही उरत नाही.

आणि फॉर्मेलिन. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघायच्या असतील तर फॉर्मेलिन ठीक. पण सगळेच तुकडे त्यात टाकून पाठवले की प्रयोगशाळेला विषाणू वाढवून बघता येत नाही आणि पीसीआरही बिघडतं. मग अहवालात "आढळला नाही" असं येतं, आणि आपण ते "रोग नाही" असं वाचतो. एकदा माझेच नमुने वाटेत दोन दिवस एका कार्यालयाच्या टेबलावर पडून राहिले. बर्फ वितळला, अहवाल कोरा आला, आणि त्या कोऱ्या अहवालाच्या भरवशावर मालकाने उरलेली जनावरं विकून टाकली. ती जिथे जिथे गेली तिथे पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

अहवाल येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. ताप असलेली वेगळी, त्यांना खाऊ घालणारा माणूस वेगळा. माणूस एकच असेल तर आधी निरोगी जनावरांचं उरकून मग आजाऱ्यांकडे जायचं, उलट कधीच नाही. बाहेरची ये-जा बंद. विषाणूवर थेट औषध नाही, पण पाठोपाठ येणाऱ्या न्यूमोनियाला प्रतिजैविक, हगवणीला पाणी-क्षार आणि तोंड धुणं, यावर बरीच जनावरं तरतात. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने. पीपीआरची शंका आली तरी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवायचं असतं, बहुतेक देशांत ते कायद्याने बंधनकारक आहे.

लस मेली होती का

पीपीआरची लस जिवंत विषाणूची असते, आणि जिवंत वस्तू मरू शकते. नायजेरिया 75/1 आणि सुंग्री 96 हे तिचे जास्त वापरले जाणारे वाण. दोन्ही उत्तम. नीट टोचली तर एका मात्रेत तीन वर्षं तरी संरक्षण मिळतं. पीपीआरचे जनुकीय वंश चार असले तरी लशीच्या दृष्टीने विषाणू एकच आहे, एका वाणाची लस चारही वंशांवर चालते. त्यामुळे "नवा स्ट्रेन आला म्हणून लस लागू पडली नाही" हे पीपीआरच्या बाबतीत कारण नव्हे, सबब आहे. लाळ्या-खुरकुतात मात्र ते खरं असू शकतं. त्याचे सात प्रकार आहेत आणि एकाची लस दुसऱ्याला अडवत नाही. नीलजिव्हेचे तर दोन डझनांहून जास्त.

मग लस मरते कुठे? कोरडी भुकटी 2 ते 8 अंशांत राहिली तर तग धरते. खरा धोका डायल्युएंटमध्ये, म्हणजे सोबतच्या पातळ द्रावणात, विरघळवल्यानंतरचा. तिथून घड्याळ सुरू होतं. बर्फावर, सावलीत, लेबलावर दिलेल्या वेळेत ती संपवायची असते, आणि ती वेळ तासांत असते, दिवसांत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तपशिलात सांगतो. दुपार झाली होती. नवी कुपी काढायला डबा उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं, कुप्यांची लेबलं सुटून पाण्यावर तरंगत होती. डायल्युएंटची बाटली डब्यात नव्हतीच. ती सकाळपासून गाडीच्या बॉनेटवर उभी होती, हाताला चांगली कोमट लागली. त्याच बाटलीतल्या पाण्यात विरघळवून मी तोवर एक अख्खा कळप उरकला होता, आणि रजिस्टरात त्यापुढे माझ्याच अक्षरात "लसीकरण पूर्ण" असं लिहिलेलं होतं. शेरा खोडला आणि पंधरा दिवसांनी जाऊन तो कळप पुन्हा टोचला. लाज वाटली, पण न खोडता गप्प बसलो असतो तर पुढच्या साथीत कुणीतरी म्हणालं असतं, या कळपाला लस दिली होती तरी रोग आला. तेव्हापासून डायल्युएंट मी आदल्या रात्रीच थंड करायला ठेवतो.

आणखी एक किरकोळ वाटणारं कारण. सिरिंज जंतुनाशकात बुडवून तशीच वापरली तर त्या थेंबभर औषधाने लशीतला विषाणूही मरतो. सिरिंज उकळून, थंड करून घ्यायची.

लस टोचल्यावर चौथ्याच दिवशी जनावरं आजारी पडली, ही तक्रार वेगळी. ती जनावरं टोचायच्या आधीच बाधित होती. पीपीआर बहुधा चार ते सहा दिवसांत उमटतो, पण हिशेब करताना कमाल 21 दिवस धरतात. लशीला अंगात बळ धरायला दोन-तीन आठवडे लागतात. या शर्यतीत रोग आधीच पुढे निघालेला असतो. म्हणून साथ सुरू झालेल्या कळपात एकच सुई सगळ्यांना टोचत सुटायचं नाही. आधी आजूबाजूचे निरोगी कळप बाहेरून आत या क्रमाने, आणि दर जनावरामागे सुई बदलून.

"तेव्हा ही पोटात होती"

आता मुख्य गोष्ट. एका कळपात लागोपाठ तिसऱ्या वर्षी साथ आली होती. लशीच्या नोंदी होत्या, त्या वर्षी शीतसाखळीही, म्हणजे लस टोचेपर्यंत थंड ठेवण्याची व्यवस्था, ठीक होती. मेलेली करडं ओळीने मांडलेली होती आणि कळपाच्या मालकीणबाई, सत्तरीच्या आजी, दाराशी बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, यांना लस टोचली होती ना?"

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "टोचली होती की कळपाला. पण तुमची माणसं येऊन गेली तेव्हा ही पोटात होती, डॉक्टर."

सगळा उलगडा त्या एका वाक्यात होता. लस कळपाला टोचत नाहीत, जनावराला टोचतात. आणि शेळ्यांचा कळप म्हणजे वाहतं पाणी. हिशेब करून बघू. समजा 100 जनावरं आहेत, त्यांत विणाऱ्या 60. आज शंभरच्या शंभर टोचली आणि सगळ्यांना लस लागली. वर्षभरात विकून, कापून, मरून यांतली 50 गेली. त्या 60 शेळ्यांची मिळून 70 करडं जगली. वर्षाअखेर कळपात 120 जनावरं, त्यांतली संरक्षित 50. म्हणजे 42 टक्के. लस तीन वर्षं टिकते हे खरं, पण लस टोचलेली शेळीच तीन वर्षं टिकत नाही! पीपीआरला फिरायला जागा उरू नये यासाठी साधारण 70 ते 80 टक्के जनावरं संरक्षित असावी लागतात. 42 टक्के म्हणजे दार सताड उघडं.

त्यात चिकाची भानगड. लस टोचलेल्या किंवा रोगातून उठलेल्या शेळीच्या चिकातून करडाला तयार प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, मिळतात. ती साधारण तीन-चार महिने टिकतात. त्याआधी करडाला लस दिली तर आईची प्रतिपिंडं लशीतल्या विषाणूलाच गाठून मारतात. करडू टोचलं गेलं, रजिस्टरात चढलं, आणि पुढच्याच महिन्यात आईची शिदोरी संपून उघडं पडलं. म्हणून पहिली टोचणी चार महिन्यांच्या आसपास. ज्या मोहिमेत महिन्याभराच्या करडांनाही सरसकट टोचून आकडा फुगवला जातो, तिथे पुढच्या साथीत नेमकी चार ते बारा महिन्यांची पिल्लं मरतात. मेलेल्यांची वयं विचारली की कारण निम्मं सापडतं. सगळ्या वयाची मरत असतील तर लस किंवा शीतसाखळी तपासा. फक्त लहानगी मरत असतील तर दोष बहुतेक वेळा तारखेचा असतो.

त्यामुळे वर्षातून एकदा ठरलेल्या महिन्यात मोहीम, हे शेळ्यांना पुरत नाही. मोठ्या जनावरांना एकदा टोचून झालं की पुढे फक्त नव्यांच्या मागे लागायचं: चार महिने पूर्ण केलेली करडं, कोकरं आणि बाहेरून आलेली जनावरं. वर्षातून दोनदा तरी. वेत ज्या महिन्यांत जास्त होते त्यापुढे चार महिने मोजले की तारीख आपोआप निघते.

बाहेरून काय आलं

पीपीआरमधून वाचलेलं जनावर जन्मभर सुरक्षित होतं आणि नंतर रोग पसरवत नाही. विषाणू उघड्यावर टिकत नाही. मग तो दोन साथींच्या मधल्या काळात कुठे असतो? दुसऱ्या कळपात. तिथून तो आला तो जनावराबरोबरच. अशा वेळी मी शेवटच्या 30 दिवसांत आत आलेल्या प्रत्येक जनावराची चौकशी करतो. विकत आणलेलं लोकांना आठवतं. विसरतात ती वेगळीच: बाजारात नेलं आणि न विकता परत आणलं ते, लावायला आणलेला बोकड, पाहुण्यांकडून आलेलं करडू, आणि ठणठणीत दिसणाऱ्या मेंढ्या. मेंढ्यांत हा रोग पुष्कळदा इतका सौम्य जातो की कुणाच्या लक्षात येत नाही, आणि शेजारच्या शेळ्या मात्र पटापट मरतात. बाजारातून परत आलेलं स्वतःचं जनावरही नवंच समजायचं. किमान 21 दिवस वेगळं, वेगळी गव्हाण, वेगळं पाणी, आणि रोज सकाळी थर्मामीटर.

दुखणं दिसलं की घाईने विकून टाकणं, हा या रोगाचा सगळ्यात आवडता रस्ता. त्याबद्दल मी कुणाची भीड ठेवत नाही.

गोठ्यातच राहणारे

देवीच्या बाबतीत मात्र खरोखर गोठाच बघायचा. बऱ्या होणाऱ्या गाठींच्या खपल्या गळून पडतात, लोकरीत आणि धुळीत मिसळतात. सावलीतल्या वाड्यात हा विषाणू सहा महिन्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणून साथ ओसरल्यावर तीन महिन्यांनी नवीन कोकरं त्याच वाड्यात घातली की ती पुन्हा फुलतात, आणि मालक शपथेवर सांगतो की बाहेरून काहीही आलं नाही. तो खरं बोलत असतो. इथे वरची माती आणि लेंड्या खरवडून काढायच्या, पुरायच्या किंवा जाळायच्या, लाकूडकाम घासायचं, मग जंतुनाशक, मग छप्पर उघडून ऊन. शेणामातीवर नुसतं जंतुनाशक शिंपडणं म्हणजे वास बदलणं.

मावा याहून चिवट, कोरड्या खपल्यांत वर्षानुवर्षं राहतो. ज्या कळपात तो कधीच आला नाही तिथे त्याची जिवंत लस आणूच नका, आपणच आणून ठेवल्यासारखं होतं. नीलजिव्हेसाठी साचलेला ओला चिखल-शेण हटवणं, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मेंढ्या आत ठेवणं, आणि आपल्याकडे कोणता प्रकार फिरतोय ते कळल्यावरच त्याची लस.

संथ विषाणूंची गोष्ट निराळी. आइसलँडने 1933 मध्ये जर्मनीहून काराकुल जातीच्या 20 मेंढ्या आणल्या. वेगळ्या ठेवल्या, निरोगी दिसल्या, देशभर वाटल्या. काही वर्षांनी स्थानिक मेंढ्या धापा टाकत खंगून मरू लागल्या, कारण मेडी-व्हिस्नाला लक्षणं दाखवायला वर्षं लागतात आणि त्यांनी वेगळं ठेवलं होतं काही आठवडे. लस नव्हती, अजूनही नाही. शेवटी पट्ट्यापट्ट्याने कळपच्या कळप कापून, तिथे निरोगी भागातल्या मेंढ्या आणून, 1965 पर्यंत त्यांनी तो रोग देशातून उपटला. शेळ्यांमधला त्याचा भाऊ सीएई: मोठ्या शेळीचे गुडघे सुजतात, कास दगडासारखी होते, करडांत कधी मागचे पाय लुळे पडतात. तो मुख्यतः चिकातून आणि दुधातून उतरतो. इलाज म्हणजे करडू जन्मताच आईपासून वेगळं, चीक 56 अंशांवर तासभर तापवून पाजायचा, सगळ्यांची रक्ततपासणी सहा महिन्यांनी पुन्हा पुन्हा, आणि बाधित निघालेली बाहेर. एका तपासणीत स्वच्छ निघाली म्हणून जल्लोष करू नका. प्रतिपिंडं दिसायला काही महिने लागतात.

रक्त तपासून काय कळतं, काय नाही

"एलायझा पॉझिटिव्ह आली, म्हणजे कळपात पीपीआर आहे ना?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. (एलायझा म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी.) उत्तर: लस टोचली असेल तर काहीच सांगता येत नाही. हल्लीच्या लशींनी आलेली प्रतिपिंडं आणि रोगाने आलेली प्रतिपिंडं या तपासणीत सारखीच दिसतात. म्हणून रक्त कुणाचं काढायचं हे आधी ठरवावं लागतं. लस लागली का हे बघायचं असेल तर टोचलेल्यांचं, तीन-चार आठवड्यांनी. विषाणू फिरतोय का हे बघायचं असेल तर लस न टोचलेल्या, सहा महिन्यांवरच्या आणि अजून दुधाच्या दातांवर असलेल्या जनावरांचं. आईची प्रतिपिंडं त्यांच्यात संपलेली असतात, लस मिळालेली नसते. तरी पॉझिटिव्ह आली तर विषाणू त्यांच्या आयुष्यात, म्हणजे गेल्या काही महिन्यांत, इथून गेला आहे. ओठ उचलून दात बघायला अर्धा मिनिट लागतो आणि अहवालाचा अर्थ पालटतो.

निर्मूलनाचं कामही शेवटी याच धाग्याने जातं. बुळकांडी, म्हणजे गाई-म्हशींचा जीवघेणा विषाणूजन्य रोग, 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, तिचा शेवटचा नोंदलेला रुग्ण 2001 मध्ये केनियातला. पीपीआर तिचाच चुलतभाऊ. 1942 मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये त्याची पहिली नोंद झाली आणि कितीतरी वर्षं त्याला बुळकांडीचंच रूप समजत होते. एकच प्रकार, चांगली लस, वाचलेलं जनावर रोग बाळगत नाही, सगळी अनुकूलता बुळकांडीसारखीच. म्हणून 2015 मध्ये 2030 पर्यंत पीपीआर संपवायचं जागतिक उद्दिष्ट ठरलं. अडतं ते जनावराच्या आयुष्यापाशी. बैल दहा वर्षं दावणीला असतो, बोकड वर्षभरही नसतो. 2024 मध्ये ग्रीस आणि रोमानियातही हा रोग निघाला. त्याआधी 2016-17 च्या सुमारास मंगोलियात तो साइगा या रानातल्या हरणांत शिरला आणि हजारो मेली.

लसीकरण थांबवून "आता रोग नाही" म्हणायचं तर ताप आणि मर यांची प्रत्येक खबर तपासावी लागते, आणि थांबवल्यानंतर जन्मलेल्यांचं रक्त बघावं लागतं. त्यासाठी कोण कधी जन्मलं याची नोंद हवी. कानात बिल्ला आणि वहीत तारीख असेल तर उत्तम.

त्या आजींना लिहिता येत नव्हतं. पुढच्या खेपेला गेलो तर कळपातल्या काही करडांच्या गळ्यात लाल चिंध्या बांधलेल्या होत्या. मला वाटलं दृष्ट लागू नये म्हणून असतील. आजी म्हणाल्या, "नव्हे, ज्यांना टोचायचं राहिलंय त्यांच्या गळ्यात आहेत." जन्मलेल्याला बांधायची, बाहेरून आलेल्याला बांधायची, लस टोचली की सोडायची. मी वाड्याच्या दारातूनच लाल गळे मोजले. अकरा होते. चार महिने न भरलेली तीन बाजूला ठेवली आणि कुपी फोडली.